खालचा डावा कोपरा

रात्री कधीतरी, धक्क्यावर चिटपाखरू नसताना,
संगणकानं स्वतःला बदलून घेतलं.
सकाळी मी ओला कोट खुंटीला अडकवला,
कॉफीचा थर्मास खिडकीत ठेवला
आणि न बघताच माऊस खाली डावीकडे नेला,
एकोणीस वर्षं नेत आलेय तसा.

तिथं काही नव्हतं.
निळा, गुळगुळीत, रिकामा कोपरा.
जिना संपलेला असताना
अजून एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं
आणि सगळं अंग आतून दचकावं,
तसं झालं.

मेनू आता मधोमध बसलाय,
पाटावरच्या नवरदेवासारखा.
ओळींची यादी गेली, चौकोन आले,
कडा घासून गोल केलेले, सगळे एका चेहऱ्याचे.
वर एक पट्टी विचारते : काय शोधताय?
माझं काही हरवलं नव्हतं, बाई.
तूच लपवायचं, वर तूच विचारायचं.

घर फिरलं की वासे फिरतात, असं म्हणतात.
इथं घर तेच, वासेही जागच्या जागी,
नुसतं दार तेवढं भिंतीतून काढून
कुणीतरी माजघरात उभं केलंय.

बाहेर हानुसची बोट लागलेली.
अकराशे चाळीस किलो कॉड,
पेट्यांखालून बर्फाचं पाणी निघायला लागलेलं,
काट्यावर आकडा स्थिर. मला फक्त पावती हवी होती.
मी एका चौकोनावर टिचकी मारली : हवामान.
दुसऱ्यावर : पत्त्यांचा डाव.
तिसऱ्यावर, कसं कोण जाणे, पुन्हा हवामान.
क्लाक्सविक, सात अंश, पाऊस.
एवढं मला खिडकीतूनही दिसतं.

हानुस दारात उभा, हातमोजे ठिबकतायत,
घड्याळाकडे बघायचं तेवढं त्यानं टाळलं.
शेवटी मी कपाटातलं गुलाबी पावतीपुस्तक काढलं,
घाईत कार्बन उलटा घातला,
आणि माझी सही
माझ्याच कागदाच्या पाठीवर उमटली,
आरशात बघितल्यासारखी.
तो म्हणाला, चालेल.

संध्याकाळी बंद करायचं बटण मिळेना.
कोपऱ्यात नाही, यादीत नाही, यादीच नाही.
वायर ओढून टाकायचा विचार आला,
पण एकोणीस वर्षांच्या ओळखीला
असं मानगुटीला धरून निजवायचं जिवावर आलं.
तसंच जळत ठेवलं, कुलूप लावलं, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी,
पिशवीत एक साफ केलेला हॅडॉक.
हानुस म्हणाला, रात्री दोनला आत वळत होतो,
धुकं इतकं की बोटीचं नाकसुद्धा दिसेना.
तुझ्या खिडकीत निळा उजेड होता, मार्युन.
वाटलं, आहेस तू.

मी काय सांगणार.
म्हटलं, हो, काम होतं जरा.

तिसऱ्या दिवशी तोर्सहाव्नहून रूनीचा फोन.
त्याचा आवाज अजून फुटतोय, पण बेटांवरच्या सगळ्या
कचेऱ्यांचे पडदे त्याच्या हाताखाली.
सेटिंग आहे, म्हणाला, मेनू डावीकडे नेता येतो परत,
दोन मिनिटांचं काम. नेऊ?
मी क्षणभर थांबले.
यादी येईल का परत? ओळींची?
यादी नाही येणार, फक्त जागा.
मग राहू दे, म्हटलं.

आता सगळं सापडतं. वजन दुसऱ्या रांगेत,
बर्फाचा हिशेब त्याच्या शेजारी,
बंद करायचं बटणही, एका इवल्याशा वर्तुळाच्या आड.
कधी ते दाबते. धुक्याचा अंदाज असला तर
विसरते.

हात मात्र रोज सकाळी
आधी खाली डावीकडे जाऊन येतो.
जाऊ दे. मी त्याला हाक मारत नाही.
कॉफी ओतेपर्यंत
तो आपणहून परततो.